आपल्याच भाषेचं परकं गाव: सीमाभागातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहायला जाताना

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर स्टँडवर उतरलं की शेजारची बाई मराठीत विचारते, "कुठल्या गावाला जायाचं?" चहावाला मराठीत पैसे सांगतो. भिंतीवर ज्ञानेश्वरी पारायणाची मराठी पत्रिका चिकटवलेली असते. पुण्या-साताऱ्याकडून आलेल्या माणसाला वाटतं, हा तर आपलाच मुलूख. मग तो फलाटाला लागलेल्या गाडीची पाटी वाचायला जातो, ती असते कन्नडमध्ये आणि त्याला एकही अक्षर लागत नाही.

मी चोविसाव्या वर्षी असाच उतरलो होतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला एका गावात अडीच वर्षं राहिलो. पुढं दीड वर्ष सौंदत्तीच्या बाजूला, जिथं घरात मराठी कोणीच बोलत नाही. त्या कन्नड गावात मी कमी चुकलो. आपण परके आहोत हे तिथं पहिल्या मिनिटाला कळलं होतं, त्यामुळं प्रत्येक गोष्ट विचारून करत होतो. मराठी गावात सगळं समजतंय असं वाटत राहिलं आणि तिथंच ठेचा लागल्या. बेळगावच्या सीमाभागात सहा महिने, वर्ष, दोन वर्षं राहून काम करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन दिवसांच्या शिबिराला याची गरज नाही.

कोणता मुलूख

बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. खानापूरचा पश्चिम भाग म्हणजे जांबोटी, कणकुंबी, भीमगडचं रान. धो धो पाऊस, भात आणि नाचणी, काजू, फणस, लांब लांब पांगलेल्या वाड्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. पावसाच्या आकड्यांत कर्नाटकात पहिल्या काही जागांमध्ये आमगावचं नाव घेतात ते गाव याच भागातलं. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं आणि आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा ही गावं त्यात गेली. तिथं राहायला जायचं तर आधी वनखात्याकडं विचारणा करा. पावसाळ्यात यातल्या काही गावांतून आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. अभयारण्यातल्या गावांपुढं उठून जायचं की राहायचं हाही प्रश्न आहे. अशा गावात बाहेरचा माणूस आला की पहिला संशय हाच येतो की हा कुणाच्या बाजूनं आलाय.

निपाणी-चिकोडीकडं ऊस, तंबाखू, दूधगंगा-वेदगंगेचा काठ. बोली कोल्हापूरच्या जवळची. तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी १९८१ साली केलेलं आंदोलन तिथली जुनी माणसं अजून तपशिलानं सांगतात. विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये काम करायचं असेल तर तो मुलूख. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग हे मुख्यतः कन्नड बोलणारे भाग. अथणीला कोल्हापुरी चपला बनतात. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही त्यात घेतले गेले. ज्याला आपण एका राज्याचं समजतो ते इथं दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं. हे एकदा ध्यानात घेतलं की पुष्कळ गोष्टी सोप्या जातात.

माझं मत विचाराल तर पहिलीच वेळ असेल आणि कन्नड अजिबात येत नसेल तर खानापूर किंवा बेळगाव तालुका घ्या. फक्त मराठी चालते म्हणून कन्नड शिकायचं टाळू नका.

कधी जायचं

संक्रांतीनंतर. याला कारण आहे. जून-जुलैत चिखलणी आणि रोपलावण, ऑगस्टात भांगलण, दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत सुगी. या दिवसांत तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते आणि तुम्ही वाटेत येता. जानेवारीच्या मध्यानंतर भात मळून घरात आलेलं असतं, गवताच्या गंज्या लागलेल्या असतात, संध्याकाळी शेकोटीला माणसं बसतात. शाळा चालू असते. पुढं उन्हाळ्यात पाण्याची खरी परिस्थिती दिसते, यात्रा-जत्रांत गावाचे मान-पान कळतात आणि मग पाऊस लागतो. एक पावसाळा काढल्याशिवाय ठरलेल्या मुदतीपलीकडं गावाला कसलाही शब्द देऊ नका. पश्चिम भागात चार महिने कपडे वाळत नाहीत, दिवस दिवस लाईट नसते, रेंज जाते. ते सोसतं की नाही हे आधी स्वतःचं स्वतःला कळू द्या.

कुणाकडून जायचं, कुणाला भेटायचं

तुम्हाला बोलावलं कुणी, या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर अजून निघू नका. एखादी संस्था, शाळेचे मुख्याध्यापक, महिला मंडळ, निदान गावातलं एक घर, यापैकी कुणीतरी "आमच्याकडं आलाय" असं म्हणणारं हवं. संस्थेमार्फत जात असाल तर तुमचं नाव, काम, मुदत आणि जबाबदार माणसाचा फोन एवढं लिहिलेलं पत्र मागून घ्या. कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. त्याच्या दहा प्रती आणि आधार कार्डाच्या प्रती जवळ असू द्या.

इथली माणसं आणि हुद्दे महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहेत. ग्रामपंचायतीत सरपंच शोधू नका, इथं अध्यक्ष असतात. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ, म्हणजे पंचायत डेव्हलपमेंट ऑफिसर. एका पंचायतीत तीन-चार गावं असू शकतात, त्यामुळं अध्यक्ष शेजारच्या गावचे निघतात आणि तुमच्या गावातले म्हणून जे असतात ते सदस्य. सातबारा मागाल तर कचेरीत आरटीसी किंवा पहाणी म्हणतील, गावात नुसतं उतारा. रोजगार हमीचं नाव उद्योग खात्री. शाळेच्या पालक समितीला एसडीएमसी म्हणतात, दहावीला एसएसएलसी, अकरावी-बारावीला पीयूसी. शाळा जूनच्या सुरुवातीलाच भरतात आणि दसऱ्याची सुट्टी मोठी असते. महाराष्ट्राच्या सवयीनं दिवाळीच्या सुट्टीत मुलांचं शिबिर ठरवाल तर वर्ग चालू असतील.

भेटीचा क्रम मला असा बरा वाटतो. पहिल्या दिवशी वॉर्डाचे सदस्य. त्यांच्याबरोबर अध्यक्ष आणि पीडीओ. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आणि अंगणवाडीताई. त्या आठवड्यात आशाताई आणि दूध डेअरीचा सेक्रेटरी. यात एक नाव कागदावर कुठंच दिसत नाही, ते म्हणजे देवस्थान पंच कमिटी. गावची यात्रा, वर्गणी, भांडणं, देवळासमोरच्या जागेचा वापर हे सगळं तिथं ठरतं. पंचांना न भेटता तुम्ही देवळाच्या पडवीत अभ्यासिका भरवली तर कुणी थांबवणार नाही, पण पोरं हळूहळू येईनाशी होतील आणि का ते कुणी सांगणार नाही. एका संध्याकाळी देवळात जा, खाली बसा, नाव-गाव सांगा आणि किती दिवस राहणार ते स्पष्ट सांगा. "बघू, जमेल तसं" असं म्हणू नका. मुदत सांगणाऱ्या माणसावर लवकर विश्वास बसतो.

घर आणि जेवण

स्वतंत्र खोली मिळाली तरी पहिले तीन महिने कुणाच्या तरी घरात राहा. जेवायला कुठं आहे आणि झोपायला कुठं आहे यावरून गाव तुम्हाला ओळखतं. मुली-बायकांनी तर एखाद्या थोरल्या बाईच्या घरातच सोय बघावी. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघी जणी सांगायच्या की आजीच्या घरात राहिल्यावर रात्री नऊ वाजता कुणाच्या बाळंतपणाला गेलं तरी कुणी बोट दाखवत नव्हतं, कारण आजी बरोबर असायची.

पैशाचं पहिल्याच आठवड्यात मिटवा. घरचे "कशाला पैसे, चार भाकरीत काय जातंय" म्हणणार. ते मनापासून म्हणतात, तरीही ऐकू नका. दुसऱ्या कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घालून महिन्याची रक्कम ठरवा आणि ती घरातल्या बाईच्या हातात द्या. गडीमाणसाच्या हातात दिलेले पैसे तेलामिठापर्यंत पोचतीलच असं नाही. शिवाय बाजारच्या दिवशी चहापूड, साखर, चिरमुरे असं काहीतरी पिशवीत असू द्या. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

मी राहायचो त्या घरी सकाळी नाचणीची आंबील असायची. तिथली आजी चुलीवरचं गाडगं उतरवून त्यात ताक ओतायची, लाकडी डावानं ढवळायची, मीठ घालायची आणि पितळी वाटी माझ्यापुढं सरकवायची. पहिल्या आठवड्यात मी ती आंबट म्हणून निम्मी ठेवत होतो. तिनं काही म्हटलं नाही, दुसऱ्या आठवड्यापासून निम्मीच वाढली. नंतर कळलं, घरातल्या थोरल्या मुलाला शेताला जाताना तेवढीच मिळायची आणि माझी निम्मी म्हशीच्या बादलीत जायची. खाणं नको असेल तर वाढायच्या आधी सांगा. पानात टाकू नका.

सामान थोडं असावं. चांगली विजेरी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, जाड घोंगडी, प्लॅस्टिकचा कागद, स्वतःची औषधं आणि चष्म्याची दुसरी जोडी. छत्रीपेक्षा इरलं किंवा रेनकोट. बसचं वेळापत्रक वहीत लिहून घ्या, विशेषतः वस्तीच्या गाडीचं. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, पण त्यासाठी कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. महाराष्ट्राचं आधार असलेल्या बाईनं सरळ तिकीट काढावं आणि कंडक्टरशी हुज्जत घालू नये.

भाषा

इथं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं यावर अडतं.

आधी मराठीचंच घ्या. इथल्या मुली, बायका "मी जातो", "मी करतो", "मी आलो" असं म्हणतात. वाक्याच्या शेवटी "की" येतो: "बस की", "खाऊन जा की", "व्हय की". पुस्तकी मराठीच्या कानाला हे चुकीचं वाटतं आणि शिकवायला आलेला माणूस पहिल्या दिवशी पोरीला दुरुस्त करतो, "मी जाते म्हण." ती पोर त्या दिवसानंतर वर्गात तोंड उघडत नाही. तिची आई, आजी, मावशी सगळ्या तसंच बोलतात. परीक्षेच्या पेपरात "जाते" लिहायचं हे सहावी-सातवीत शांतपणे समजावता येतं. बोलण्यात हात घालू नका. उलट तुम्हीच "की" उचला, महिनाभरात आपोआप येतो.

आता कन्नड. लिपीची भीती बाळगू नका. अक्षरांचा क्रम आपलाच आहे, क ख ग घ. ळ सुद्धा आहे. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ एवढे दोन स्वर नव्यानं शिकायचे. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात गाडीची पाटी, दुकानाचं नाव, रेशनच्या फळ्यावरची नोटीस वाचता येते. मला वाचायला गावातल्याच चौथीच्या मुलीनं शिकवलं. ती मराठी शाळेत शिकत होती आणि कन्नड तिला विषय म्हणून होतं. मुलांकडून शिकण्यात मोठा फायदा आहे: तुम्हाला शिकवताना त्यांचंही पक्कं होतं आणि तुम्ही चुकता हे बघून त्यांची चुकायची लाज जाते.

बोलायला सुरुवात "री" पासून करा. आपल्याकडं "अहो"चं जे काम, ते इकडं वाक्याच्या शेवटी "री" करतो. "बर्री, कूड्री" म्हणजे या, बसा. "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, हा प्रश्न नमस्कारासारखा विचारायचा असतो. हो म्हणायला "हौद्री", नाही म्हणायला "इल्लरी". आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य, "सावकाश हेळ्री", हळू सांगा. "सावकाश" ऐकून हुरळून जाऊ नका, कारण ओळखीचे शब्द दगाही देतात. कन्नडमध्ये "अवसर" म्हणजे घाई आणि "अनुमान" म्हणजे शंका. एका बैठकीत मला कुणीतरी "अनुमान" आहे म्हणाला आणि मी त्यांचा अंदाज काय ते वहीत लिहून घ्यायला पेन काढलं. त्यांना माझ्याबद्दलच शंका होती.

सरकारी कागद कन्नडमध्ये असतात. अर्ज भरून देणारं, नोटीस वाचून दाखवणारं माणूस गावात कोण आहे ते शोधा आणि त्याच्याकडं शिका. स्वतः ते काम अंगावर घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

सीमाप्रश्न

लोक विचारतील. कुठल्या बाजूचे तुम्ही? हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून इतिहास तरी नीट माहीत असू द्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यं पुन्हा आखली गेली आणि बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलं. इथला मराठी भाग महाराष्ट्रात यावा हा लढा तेव्हापासूनचा. हा वाद सोडवायला महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्रानं मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसं काळा दिवस पाळत असतात. १७ जानेवारीला या लढ्यात मेलेल्यांचा हुतात्मा दिन होतो. या तारखांच्या आसपास बस बंद पडू शकतात, शहरात बंदोबस्त असतो. त्या दिवशी गावात थांबा.

ज्या घरातला माणूस या लढ्यात तुरुंगात जाऊन आला त्याच्या घरी बसून ऐका. ज्या शिक्षकाला कन्नड हीच आपली भाषा वाटते त्याचंही ऐका. दोघंही खरं बोलतायत. पण तुम्ही वर्षभरानं निघून जाणार आहात. मोर्चात घोषणा देणं, समाजमाध्यमावर गावाचं नाव घालून या विषयावर लिहिणं, पाटीच्या भाषेवरून वाद घालणं, याचा भुर्दंड तुम्हाला ठेवून घेणाऱ्या घराला पडतो. मला विचारलं की मी म्हणायचो, "मी मराठी आहे, कन्नड शिकतोय, पोरांसाठी आलोय." हे खरं होतं आणि पुरत होतं.

पहिले तीन महिने

कुठलाही उपक्रम सुरू करू नका. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण रिकामं बसल्यासारखं वाटतं आणि घरून फोन येतो, "काय केलंस?" पण बघण्यासारखं भरपूर असतं. रोज एका वेगळ्या पाणंदीनं चाला. नळाला पाणी किती वाजता येतं, कुणाच्या घागरी आधी लागतात, कोण शेवटी येतं ते बघा. डेअरीत संध्याकाळी उभे राहा. दर आठवड्याला बायकांच्या बचत संघाचा हप्ता कुठल्या दिवशी असतो ते विचारून घ्या, त्या दिवशी बैठक बोलावलीत तर कुणी येणार नाही. रात्री वहीत लिहा, माणसांची नावं आणि नाती. कोण कुणाचा चुलता, कुणाची लेक कुठल्या गावी दिलीय. खेड्यात अर्ध्या गोष्टींचा उलगडा नात्यात होतो.

हातानं काम करा. शेण काढा, काजू गोळा करा, पुढं पाऊस लागला की रोपलावणीला चिखलात उतरा. तुम्ही चांगलं करणार नाही, कंबर मोडेल, रोपं तिरकी लागतील. तरी करा. बांधावर वाकून काम करताना बाया जे बोलतात ते बैठकीत कधी बोलत नाहीत. फक्त वार विचारून घ्या. इथं यात्रेआधी किंवा वर्षातल्या ठराविक दिवसांत वार पाळणूक असते. मंगळवार किंवा शुक्रवार धरतात आणि त्या दिवशी शेतात कुणी हत्यार लावत नाही. मी एका मंगळवारी उत्साहानं कुदळ घेऊन निघालो होतो. वेशीवर एका म्हाताऱ्यानं कुदळीचा दांडा धरला आणि मला देवळाच्या पायरीवर बसवून वार काय असतो ते सांगितलं.

काम निवडताना

गावाला काय हवंय ते विचाराल तर उत्तर येईल, रस्ता, गटार, समाजमंदिर. तुम्ही ते देऊ शकत नाही, हे तिथल्या तिथं सांगा. तुमच्या हातात वेळ आहे, अक्षरज्ञान आहे, कदाचित एखादी कला आहे. त्यात बसेल असं लहान काम घ्या: संध्याकाळची अभ्यासिका, वाचनाची पेटी, एसएसएलसीला गणितात अडलेल्या पोरांचा वर्ग, बियाण्यांची नोंद. शाळेत शिकवायला जाताना एक गोष्ट तपासा. सरकारी शाळांत रिकाम्या जागी अतिथी शिक्षक नेमतात, थोड्या मानधनावर, बहुतेक जवळपासचीच शिकलेली पोरं-पोरी. तुम्ही फुकट शिकवता म्हणून कुणाची तरी ती नेमणूक राहिली तर तुम्ही गावाचं नुकसान केलं. शाळा सुटल्यावर शिकवा.

आता माझी चूक सांगतो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा नळ महिना-दीड महिना कोरडा होता. मी घरोघर फिरून मराठीत अर्ज लिहिला, एकेचाळीस सह्या आणि अंगठे घेतले आणि थेट तालुक्याला एका कचेरीत नेऊन दिला. कारकुनानं कागद उलटा करून माझ्याकडं सरकवला, "कन्नडदाग बरकोंड बर्री." कन्नडमध्ये लिहून आणा. मी दुसऱ्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, परत गेलो, पोच घेतली आणि विजय मिळवल्यासारखा गावात आलो. सदस्याला मी विचारलंच नव्हतं. ते आमच्या घरमालकांचे भाऊबंद होते आणि नळाचं काम त्यांच्याच ओळखीच्या माणसाकडं होतं. नळ आठ दिवसांत सुरू झाला. पण घरमालकांना शेताच्या पाण्याची पाळी महिनाभर रात्री दोनची लागली. मला कुणी काही बोललं नाही. शेवटी आजीनंच चुलीपुढं बसल्या बसल्या सांगितलं, "तू जाणार रे बाबा. आमाला हितंच राहायचं हाय."

त्यानंतर कागद करायचा झाला तर मी तीन गोष्टी बघायचो. अर्ज गावातल्याच माणसानं लिहिलाय का, सदस्याला आधी कळवलंय का, आणि उलटलं तर कुणावर उलटेल. तिसऱ्याचं उत्तर ज्याच्यावर उलटेल त्याच्या तोंडून यायला हवं. त्यानं "करू या" म्हटलं तर करायचं, आणि तेव्हा मागं हटायचं नाही.

बेळगावजवळ हुदली नावाचं गाव आहे, स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांडे यांचं. तिथं १९३७ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन झालं, स्वतः गांधीजी येऊन राहिले होते. त्या गावात खादीचं काम आजही चालतं. वेळ काढून एकदा जाऊन या आणि सूत कातणाऱ्या बायकांशी बोला. बाहेरून आलेलं काम गावाच्या हातात कसं मुरतं हे तिथं समोर दिसतं.

मुलं, फोटो, मदत

मुलांबरोबर एकट्यानं बंद खोलीत बसू नका. दार उघडं ठेवा, जागा पडवीसारखी असावी. फोटो काढण्याआधी आईला विचारा, ती हो म्हणाली तरी मुलाचं नाव आणि गाव घालून कुठंही टाकू नका. सौंदत्ती परिसरात देवदासी बायकांच्या घरांत जाणं झालं तर हे दुपटीनं पाळा. ती प्रथा कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंद झाली, पण त्या घरातल्या पोरीला शाळेत नाव काढून बोलणारे अजून आहेत.

उसने पैसे मागितले जातील. मी पहिल्या वर्षी दिले आणि दोन मैत्र्या गमावल्या. ज्यांना परत करणं जमलं नाही ते मला बघून वाट बदलायला लागले. दवाखान्याची अडचण असेल तर द्या आणि दिले असंच समजा. बाकीच्याला "माझ्याकडं नाहीत" म्हणा. मित्रांकडून जुने कपडे, वह्या गोळा करून वाटायचं काम सुद्धा टाळा, वाटणाऱ्याच्या हाताकडं बघायची सवय लागली की अभ्यासिका बाजूला पडते.

दुखणं, साप, रान

जवळचा सरकारी दवाखाना कुठं आहे आणि सापाच्या विषावरची लस कुठं मिळते हे पहिल्या आठवड्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चारही विषारी साप या भागात आहेत. चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि रेंज नसेल तर मिळेल त्या गाडीनं थेट दवाखाना गाठायचा. मंत्र घालणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. "दवाखान्यातून आल्यावर मंत्र घालू या" म्हटलं की लोक गाडीत बसतात.

खानापूरच्या रानात अस्वलं आणि गवे आहेत, दांडेलीकडून हत्ती येतात. पहाटे आणि दिवस मावळताना पाणंदीनं एकट्यानं जाऊ नका. जावंच लागलं तर मोठ्यानं बोलत, काठी आपटत जा, कारण अचानक समोर आलेला माणूस अस्वलाला सोसत नाही. रात्री दुसऱ्याच्या शेतातून आडवं जाऊ नका. रानडुकरांसाठी बांधावर कधी कधी करंटची तार सोडलेली असते आणि ती विजेरीतही दिसत नाही.

पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या महिन्याला मन उतरतं. कौलावर दिवसरात्र पाणी, घरात धूर, बोलायला कुणी नाही. दर पंधरा दिवसांनी बेळगावला एक मुक्काम ठेवा, आंघोळ, फोन, एखादं पुस्तक, कुंदा या बेळगावच्या मिठाईचा पाव किलो पुडा घरच्यांसाठी. याला पळून जाणं समजू नका.

निघताना

दोन महिने आधी सांगा. अभ्यासिका चालवायला गावातलं कोण तयार आहे ते त्याच्याकडून स्वतः वदवून घ्या, आणि शेवटचा महिना ती त्यालाच चालवू द्या, तुम्ही मागं बसा. पुस्तकांची पेटी कुणाच्या घरी राहणार, किल्ली कुणाकडं, हे पंच कमिटीसमोर ठरवा. संस्थेचं पत्र पंचायतीला परत एकदा द्या, काम संपल्याचं. घरोघर निरोप घ्यायला तीन दिवस लागतात, प्रत्येक घरी चहा असतो. कुणाला परत यायचं वचन देऊ नका, तारीख ठरली असेल तर तीच सांगा. दुकानातली उधारी आदल्या संध्याकाळी फेडा. वस्तीची गाडी पहाटे सुटते आणि तेव्हा दुकान उघडलेलं नसतं.